एक इंजिन, दोन देह : होळकरांची ड्यूसेनबर्ग आणि गॅरी कूपरची ड्यूसेनबर्ग

जालन्यात मस्तगडाजवळ राहणाऱ्या माणसाने ड्यूसेनबर्ग मोटारींवर लिहायला घ्यावे, याचे वाचकाला हसू आले तर ते मी समजू शकतो. आमच्या गावाची ओळख बियाण्यांची आणि पोलादाची. पोलाद म्हणजे तरी काय? ठिकठिकाणांहून आलेले भंगार भट्टीत वितळवायचे आणि त्याच्या सळया ओढायच्या. जुन्या यंत्राला इथे एकच शेवट ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीतल्या एका भंगाराच्या आवारात मला एका जुन्या मोटारीचा सांगाडा दिसला. समोरची जाळी शाबूत होती, बॉनेटचा एक पाखा लोंबत होता. गाडी कोणती, हे तिथे कुणालाच सांगता येईना. मी आत वाकून पाटी शोधली. बनावट, चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक लिहिलेली छोटी पितळी पाटी अशा गाड्यांना असते. पाटी नव्हती. ती जिथे बसवलेली असावी, तिथे रिव्हेटची दोन भोके होती. दोन दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा सांगाडाही नव्हता.

मस्तगडाचे दैव बरे. असफजाहाच्या हुकुमावरून काबीलखानाने १७२५ मध्ये ही गढी बांधली. पुढे तिच्यात नगरपालिकेची कचेरी आली आणि गढीचे गढीपण पुसट झाले. तरी आपण तिचे साल छातीठोकपणे सांगतो, कारण तिच्यातला फारसी शिलालेख ते सांगतो. दगडाला पाटी आहे, म्हणून त्याला इतिहास आहे. त्या सांगाड्याला पाटी नव्हती, म्हणून ते वजनावर विकायचे लोखंड होते.

दुर्मीळ मोटारींचे संग्राहक ज्या वादांवर पैसा आणि आयुष्य खर्च करतात, त्यांच्या मुळाशी हाच भेद आहे, असे मला वाटते. तो तपासण्यासाठी मी दोन गाड्या निवडल्या आहेत. दोन्ही एकाच कारखान्याच्या, एकाच काळातल्या, एकाच जातीच्या इंजिनावर उभ्या राहिलेल्या. एक इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकरांसाठी बांधली गेली, दुसरी हॉलिवूडचा नट गॅरी कूपर याच्याकडे होती. दोन्ही मी छायाचित्रांत आणि लिलावांच्या सूच्यांतच पाहिल्या आहेत. पण ज्या सूच्यांवरून जग त्यांची किंमत ठरवते, त्यांच्याविषयीच मला लिहायचे आहे.

१. समान धन

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेला गेलेले भाऊ. शर्यतीच्या मैदानावर त्यांनी नाव कमावले. १९२१ साली ल माँ येथे झालेली फ्रान्सची ग्रां प्री त्यांच्या गाडीने जिंकली आणि इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९२४, १९२५ व १९२७ साली त्यांच्याच गाड्यांनी मारली. व्यवहारात मात्र भाऊ कच्चे. १९२६ मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योगपतीने कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला सांगितले, की जगातली सर्वोत्तम मोटार कर.

१ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘मॉडेल जे’ लोकांसमोर आले. एका रांगेत आठ सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, घनफळ सुमारे ६.९ लिटर आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती. नुसत्या चासीची किंमत सुरुवातीला साडेआठ हजार डॉलर होती. वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. १९३२ मध्ये इंजिनाला सुपरचार्जर बसवून ‘एसजे’ आले, तेव्हा ताकद ३२० अश्वशक्तीवर गेली. त्याच वर्षी स्वतःच्याच बनावटीच्या गाडीला झालेल्या अपघातानंतर फ्रेड वारला. १९३७ मध्ये कारखाना बंद पडला तोवर साऱ्या ‘जे’ मिळून पाचशेसुद्धा झाल्या नव्हत्या, आणि सुपरचार्जरसह बाहेर पडलेल्या त्यांतल्या जेमतेम तीन डझन.

इथवर दोन्ही गाड्यांचे धन सारखे आहे. एकाच वृत्तात लिहिलेल्या दोन कविता शेजारी ठेवाव्यात, तसा हा प्रकार. वृत्त समान असले की कवीचा स्वभाव उघडा पडतो.

२. इंदूर : लांबीचा खर्च

मराठवाड्यातल्या माणसाला होळकर म्हटले की वेरूळचे घृष्णेश्वर आठवते. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेले ते देऊळ जालन्याहून सकाळी निघून दुपारी परत यावे इतके जवळ आहे. त्याच गादीवर १९२६ साली, वडील तुकोजीराव पायउतार झाल्यावर, सतरा वर्षांचे यशवंतराव बसले. शिक्षण इंग्लंडमध्ये, चार्टरहाउस आणि मग ऑक्सफर्ड. पत्नी संयोगिताराजे कागलच्या घराण्यातल्या. या जोडप्याची अभिरुची त्या काळच्या संस्थानिकांत वेगळी होती. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग बांधून घेतली आणि तिच्यात रूलमानसारख्या फ्रेंच कारागिरांचे फर्निचर ठेवले. ब्रांकुशीची ‘अवकाशातला पक्षी’ या मालिकेतली तीन शिल्पे त्यांनी घेतली. मॅन रेने त्यांची छायाचित्रे काढली. बूते द मॉन्व्हेलने यशवंतरावांची दोन प्रसिद्ध चित्रे केली : एकात पाश्चात्त्य सायंवेषातला तरुण, दुसऱ्यात मराठी दरबारी पोशाखातला राजा.

या गिऱ्हाइकाची ड्यूसेनबर्ग ओळखायची असेल तर इंजिन क्रमांक ‘जे-५८५’ लक्षात ठेवावा. चासी अमेरिकेतून लंडनला गेली. तिथे चेल्सीच्या गर्नी नटिंग या कोचबिल्डरकडे तिच्यावर बॉडी चढली. रेखाटन ए. एफ. मॅकनील यांचे. रंग नारिंगी आणि काळा. साल १९३५–३६.

या गाडीतली खरी गोष्ट तिच्या मापात आहे. ‘जे’ची चासी दोन प्रमाण लांब्यांत मिळे. पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर, म्हणजे व्हीलबेस, एकीत १४२.५ इंच आणि दुसरीत १५३.५ इंच. लांब चासी सात माणसांच्या बंद गाड्यांसाठी असे. होळकरांनी ही लांब चासी घेतली आणि तिच्यावर फक्त दोघांपुरती बॉडी करायला सांगितली. पावणेतेरा फुटांहून अधिक व्हीलबेस, आणि बसायला दोन माणसे! आपल्या ॲम्बेसेडरचा व्हीलबेस ९७ इंच होता आणि तिच्यात आपण लग्नाचे अख्खे वऱ्हाड कोंबले आहे.

ही उधळपट्टी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, आणि ती उधळपट्टी होतीच. माळव्यातल्या शेतसाऱ्यावर उभ्या राहिलेल्या तिजोरीतून ती झाली, हे विसरून कौतुक करू नये. पण समीक्षकाने पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे : एवढ्या लांबीचे मॅकनीलने केले काय? त्याने ती बॉनेटला आणि मडगार्डांच्या वळणांना दिली. बसायची जागा मागे सरकली, पुढची रेघ मोकळी सुटली, आणि मागचा भाग उतरत जमिनीकडे गेला. एखाद्या गायकाने ख्यालात बंदिश लहानशी घ्यावी आणि विस्ताराला रात्र द्यावी, तसे हे आहे. जागा होती म्हणून ती भरली नाही, हा या गाडीचा संयम. एवढ्या अवाढव्य वस्तूला संयमी म्हणणे विचित्र वाटेल, पण छायाचित्रातही ते दिसते.

३. हॉलिवूड : लांबीची कपात

त्याच सुमारास इंडियाना राज्यात ड्यूसेनबर्ग कंपनी शेवटचे श्वास मोजत होती. मंदीने गिऱ्हाईक खाल्ले होते. तेव्हा कंपनीने एक धाडस केले. चासी छाटून १२५ इंचांवर आणली. इंजिनाला दोन कार्बोरेटर आणि मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली दोन नळकांडी जोडून ताकद ४०० अश्वशक्तीपर्यंत नेल्याचे सांगितले. त्यावर हलकी, उघडी, दोन माणसांची बॉडी बसवली. अशा दोनच गाड्या झाल्या. एक गॅरी कूपरकडे गेली, दुसरी क्लार्क गेबलकडे. पडद्यावरची माणसे गाडीत दिसली की गाडी विकली जाईल, हा हिशेब. तो चुकला आणि तिसरी गाडी झालीच नाही. ‘एसएसजे’ हे आज रूढ असलेले नाव या दोन गाड्यांचे.

कूपरची गाडी इंजिन क्रमांक ‘जे-५६३’ची. रंग करड्याच्या दोन छटा. रेखाटन हर्बर्ट न्यूपोर्ट यांचे. बॉडीवर नाव ‘ला ग्रांद’. हे कुणा फ्रेंच कारागिराचे नाव असेल, असे नवख्याला वाटते. ते कंपनीचेच व्यापारी नाव होते आणि बॉडी कॉनर्सव्हिल गावातल्या कॉर्डच्याच कारखान्यात तयार होई. आपल्याकडे साध्या मालाला विलायती नाव देतात, त्यातलाच हा मामला. गंमत अशी, की खरी विलायती बॉडी होळकरांच्या गाडीवर आहे, आणि विलायती नाव कूपरच्या.

गाडी म्हणून कूपरची श्रेष्ठ ठरेल, यात मला शंका नाही. इंजिन तेच, उलट थोडे अधिक ताकदीचे. अंग हलके, आणि व्हीलबेस होळकरांच्या गाडीपेक्षा २८.५ इंचांनी कमी. वळणावर, चढावर, सरळ धावेत ती पुढे जाईल. स्पोर्ट्‌स मोटार या शब्दाला काही अर्थ असेल तर तो या गाडीत आहे. अर्थात ‘छोटी’ म्हणवणारी हीसुद्धा ॲम्बेसेडरपेक्षा २८ इंचांनी लांब आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

४. बाजाराचा निकाल

ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात कूपरची गाडी २ कोटी २० लाख डॉलरला गेली. लिलावात अमेरिकी बनावटीच्या कुठल्याही मोटारीला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

ही किंमत कशाची? पहिले उत्तर येते, दुर्मीळतेची. दोनच झाल्या ना! पण मग होळकरांची एकच झाली. लांब चासीवर मॅकनीलने दोघांसाठी केलेली तशी दुसरी ड्यूसेनबर्ग नाही. नुसत्या मोजदादीने एक ही संख्या दोनपेक्षा दुर्मीळ असते. दुसरे उत्तर, यंत्राची. ते काही अंशी खरे, पण अश्वशक्तीला कोटींत मोजत नाहीत. तिसरे उत्तर, नटाच्या नावाची. तेही काही अंशी खरे. पण राजाचे नाव नटाच्या नावापेक्षा हलके का ठरावे?

माझे उत्तर कुळाचे आहे, आणि कूळ म्हणजे कागद. कूपरनंतर ही गाडी १९४९ मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम या शर्यतपटू संग्राहकाकडे आली. त्यांचा संग्रह १९८६ मध्ये माइल्स कॉलियर यांनी घेतला, त्यात ती गेली. सत्तर वर्षांत दोन घरे. दोन्ही घरे अशी, की जिथे वस्तू जपतात आणि तिची वहीही जपतात. म्हणजे १९४९ पासून २०१८ पर्यंत गाडी कुठे होती आणि तिला कुणी हात लावला, हे सांगता येते. बाजाराने पैसे मोजले ते या अखंड साखळीचे.

ड्यूसेनबर्गच्या बाबतीत या साखळीला विशेष अर्थ आहे. बॉडी सुटी असल्यामुळे ती एका चासीवरून दुसरीवर जाई. इंजिने बदलली जात. सुपरचार्जर मागाहून बसवले जात. बॉनेटच्या कुशीतून बाहेर येणाऱ्या चकचकीत नळ्या ‘एसजे’ची खूण मानतात. पण त्या साध्या ‘जे’लाही लावून मिळत, त्यामुळे नळ्या पाहून सुपरचार्जर गृहीत धरणारा संग्राहक फसतो. म्हणून जाणकार चार क्रमांक ताडून पाहतात : चासीचा, इंजिनाचा, इंजिनामागच्या पडदीवरचा आणि बॉडीचा. चौघे जन्मापासून एकत्र असतील तर गाडी कुळवंत. या कारखान्याच्या गाड्यांसाठी अमेरिकेत एक क्लब आहे, तो अशी तपासणी करून दाखला देतो. आपल्याकडच्या सात-बाराच्या उताऱ्यासारखेच हे काम. जमीन तीच असते, भाव उताऱ्याचा असतो.

५. जीर्णोद्धार की जपणूक

इथे एक अडचण येते. ती आपल्या परंपरेतून येते, म्हणून जास्त महत्त्वाची.

संग्राहकांच्या जगात मूळ स्थिती हा सर्वांत मोठा गुण. उडालेला रंग, फाटलेले कातडे, झिजलेले पॅडल मूळचे असेल तर ते नव्यापेक्षा मोलाचे. आपल्याकडे मात्र जुन्या वस्तूचा मान राखणे म्हणजे ती चालती ठेवणे. देवळाचा कळस पडला तर नवा चढवतात, आणि तसे करणाऱ्याला पुण्यवान म्हणतात. घृष्णेश्वर पूर्वीच्या स्थितीत ठेवले नाही म्हणून अहिल्याबाईंना कुणी दोष देत नाही. आमच्या गावातला मेकॅनिक याच वळणाचा आहे. पेट्रोलच्या इंजिनाचे सामान मिळेना म्हणून जुन्या जीपला डिझेलचे इंजिन बसवणारा माणूस स्वतःला विध्वंसक समजत नाही. त्याच्या लेखी त्याने गाडी जगवली.

या दोन दृष्टींत एक शहाणी आणि एक अडाणी, असे मी मानत नाही. जी गाडी रोज लागते तिला जीर्णोद्धार हवा. जी एकच उरली आहे तिला जपणूक हवी. वाद आहे तो दोहोंच्या मधल्या गाड्यांचा. आपल्या सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले, तेव्हा त्याला हीच रेघ ओढावी लागली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज धरायची. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणीला ५ हजार, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि धंद्यासाठी वापर नाही. म्हणजे आमच्या मेकॅनिकने जगवलेली जीप पन्नाशी ओलांडूनही या पंगतीला बसणे अवघड.

मला यातून एकच वाट दिसते आणि ती देवळांनीच दाखवली आहे. जीर्णोद्धार करणारा बहुधा एक दगड बसवतो : अमुक शके, अमुक व्यक्तीने, अमुक भागाचा जीर्णोद्धार केला. त्या एका ओळीमुळे जुने कोणते आणि नवे कोणते, हे तीनशे वर्षांनीही कळते. मोटारीत बदल करायला हरकत नाही. बदल लपवायला हरकत आहे. काढलेला भाग फेकायला हरकत आहे. जुने इंजिन कोठीत ठेवून त्यावर एक चिठ्ठी बांधली, तर मेकॅनिकही खरा आणि इतिहासही खरा.

६. निकाल

दोन गाड्या समोर ठेवून कौल द्यायचाच, तर मी तो दोन भागांत देईन. चालवायला कूपरची. तिच्यात यंत्र आणि देह यांचे ध्येय एक आहे, आणि तिची वहीही चोख आहे. केवळ पाहायला आणि विचार करायला होळकरांची. कूपरची गाडी कंपनीने लक्ष वेधण्यासाठी केली. होळकरांची एका माणसाने आपल्या हौसेखातर करून घेतली, आणि तिच्यात तीन देशांची बुद्धी एकत्र आली : अमेरिकेचे यंत्र, इंग्लंडची बॉडी, आणि मागणी माळव्यातल्या एका मराठी घराण्याची. ब्रांकुशीचा पक्षी माणिकबागेत ज्या नजरेने आला, त्याच नजरेने ही लांब रेघ आली. संस्थानिकांच्या मोटारी म्हटले की सूचीकारांना हत्ती, जवाहीर आणि चांदीचे दिवे आठवतात. ‘महाराजाची गाडी’ एवढ्या दोन शब्दांत होळकरांची ड्यूसेनबर्गही त्याच रांगेत बसते. हा तिच्यावरचा मोठा अन्याय आहे. ती दागिना म्हणून केलेलीच नाही.

हा अन्याय दूर करणारे लेखन कुणी करायचे? माणिकबागेचे फर्निचर १९८० मध्ये मोंते कार्लोला लिलावात गेले. २०१९ मध्ये पॅरिसमधल्या संग्रहालयाने यशवंतरावांच्या अभिरुचीवर मोठे प्रदर्शन भरवले. माणिकबागेत आज सरकारी कर खात्याची कचेरी आहे, आमच्या मस्तगडात नगरपालिकेची आली तशीच. गाडी भारत सोडून अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. ती गेली याचे मला फार दुःख नाही. इथे राहती तर आपल्या कायद्याने तिला पुरावस्तू मानायला १९७२ च्या अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षे पुरी व्हावी लागतात, म्हणजे २०३६ उजाडावे लागेल. तोवर ती टिकली असती, याची हमी जालन्यातला माणूस तरी देणार नाही.

दुःख आहे ते दुसरे. या गाडीची जी वही आहे ती इंग्रजीत आहे, आणि तिच्यात मालक आहे, कारागीर आहे, संग्राहक आहे. तिला हँडल मारणारा, तिच्या बत्त्या पुसणारा, इंदूरच्या उन्हात तिचे पाणी बदलणारा माणूस त्या वहीत नाही. तसली माणसे वाडा, छत्रपतींची संस्थाने, जमीनदारांच्या कोठ्या, सगळीकडे होती, आणि त्यांची नातवंडे आज मराठी बोलतात. कुणाच्या ट्रंकेत एखादे चालक-परवान्याचे पुस्तक असेल, कुणाकडे गाडीला टेकून काढलेला फोटो असेल. मागे नाव, गाव, साल लिहिले असेल तर तो पुरावा आहे. लिहिले नसेल तर आजोबा सांगू शकतात तोवर लिहून घ्यावे. कोटींच्या गाड्या विकत घेणे आपल्या हाती नाही. त्यांच्या वहीत आपली ओळ घालणे हाती आहे.

त्या आवारातला सांगाडा कोणत्या गाडीचा होता, हे आता कधीच कळणार नाही. कदाचित साधीच एखादी ऑस्टिन असेल, कदाचित मोठी असामी असेल. त्याची सळई होऊन ती कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये गेली असेल, आणि तिथे ती उपयोगीही पडत असेल. मला आठवतात ती रिव्हेटची दोन भोके.